लाईन ठीक आहे

“एवढीच?” मार्थामामींनी वायर चिमटीत धरून बोटांनी चाचपली. “ही तर पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक आहे.”

“आतली काच याहून बारीक आहे मामी. केसाएवढी. बाहेरचं हे नुसतं कवच.”

“काच? आणि बोलणं काचेतनं जाणार?”

“उजेडातनं जातं.”

दारातल्या बाकड्यावर बसलेले आंतोनमामा मोठ्यानं हसले. “तिला आधीच उजेड कमी दिसतो शिवराम, आणि तू तिला उजेडातनं बोलायला लावतोस होय!”

मामीही हसल्या. मोतीबिंदूनं त्यांचा उजवा डोळा पांढरा झाला होता, डाव्याला सावल्या दिसायच्या. ऑपरेशन करून घ्या म्हणून त्यांचा मुलगा सायमन दर महिन्याला फोनवरनं भांडायचा आणि मामी दर महिन्याला काजूचा हंगाम पुढं करायच्या. घरात मात्र त्यांना डोळ्यांची गरज पडत नसे. चुलीपासून मागच्या न्हाणीपर्यंत त्या सरळ चालत जात. फोन तर त्या बोटांनीच लावायच्या. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तेवढा सापडला की बाकीचे आकडे आपोआप हाताखाली यायचे. सायमनचा नंबर, चर्चमधल्या फादरांचा, बाजारातल्या बापू होडग्याचा, सगळे पाठ. बापूची जीप होती, आणि खोलवाडीत कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर बापूलाच फोन जायचा.

खोलवाडी नावाप्रमाणं खोलातच आहे. आजऱ्याच्या पुढं डांबरी रस्ता सोडून उतरत गेलं की काजूच्या बागा लागतात आणि त्यात लांबलांब विखुरलेली घरं. मोबाईलला तिथं कधीच रेंज नव्हती. वरच्या शाळेच्या वळणावर जाऊन उभं राहिलं तर मिळायची, ती वीस मिनिटांच्या चढावर. बारदेस्करांचं घर सगळ्यात शेवटी. जवळचं घर म्हणजे इंदूचं, तेही बाग ओलांडून ओढ्याच्या पलीकडं.

त्या घरात पहिला फोन मीच आणला होता. तेव्हा मी टेलिफोन खात्यात लाईनमन होतो, अंगात जोर होता. रस्त्यापासून घरापर्यंत चौदा खांब रोवले होते. शेवटचा खांब रोवताना आंतोनमामांनी स्वतः पहार मारली होती. फोन वाजला तेव्हा मामींनी आधी क्रॉससमोर मेणबत्ती लावली आणि मग रिसीव्हर उचलला. तेवीस वर्षं ती तांब्याची लाईन चालली. झाड पडून तुटली, गव्यांनी खांब वाकवले, मी येऊन जोडत राहिलो. पुढं खात्यातनं मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मगदूम नावाच्या ठेकेदाराकडं लागलो. तांब्याच्या लाईनी बंद करून घरोघरी फायबर टाकायचं काम त्यानं घेतलं होतं. जुनी माणसं लोकांच्या ओळखीची असतात, दार उघडतात, म्हणून त्याला माझ्यासारखे चौघे हवे होते.

“ती जुनी लाईनपण राहू दे ना,” मामा म्हणाले. “खातीय का काही?”

“नाही राहत मामा. महिनाअखेरीला तिकडचं एक्स्चेंजच बंद होणार. मग खांबावरची तार नुसती कपडे वाळवायला.”

“नवीन यंत्र मला जमायचं नाही बघ,” मामी म्हणाल्या.

“यंत्र हेच राहणार. तुमचा हाच लाल फोन, हाच नंबर. फक्त मागं एक डबा येईल. तुम्हाला काही बदल कळणारसुद्धा नाही.”

“नक्की?”

“नक्की, मामी.”

मी पांढरा डबा भिंतीवर बसवला, त्याची पिन मिक्सरच्या शेजारच्या प्लगमध्ये घातली. काचेचा जोड मारला. डब्यावर तीन हिरवे दिवे लागले. लाल फोनची वायर डब्यात खोचली आणि रिसीव्हर मामींच्या हातात दिला. त्यांनी पाच शोधला आणि सायमनला फोन लावला. तो म्हापशाला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

“अरे, तू शेजारच्या खोलीत असल्यागत ऐकू येतोस!” मामी ओरडल्या. खरखर नसताना हळू बोलायचं असतं हे त्यांना सुचलं नाही. आंतोनमामा कानावर हात ठेवून हसत होते.

फॉर्म काढला. चार ठिकाणी सह्या होत्या. मामांचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून मी प्रत्येक जागेवर बोट ठेवलं आणि फोन मामींच्या नावावर असल्यानं त्यांचं बोट धरून सही कुठं करायची ते दाखवलं. त्यांनी चारदा ‘मार्था’ लिहिलं, दर वेळी थोडं तिरकं. मग मामींनी फणसाच्या बियांची आमटी आणि भात वाढला. मी गडबडीतच जेवलो. अजून तीन घरं करायची होती. जाताना बाहेरच्या खांबावर चढलो आणि पक्कडीनं तांब्याची तार कापली. ती सळसळत झाडीत पडली.

ही सप्टेंबरमधली गोष्ट.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आजऱ्याच्या स्टँडवर बापू होडगे भेटला. माझ्याकडं बघून तो जीपमधनं खाली उतरला.

“आंतोनमामा गेले. कळलं का?”

“कधी?”

“शुक्रवारी. काल माती झाली. छातीत कळ आली. मी पोचलो तोवर गार झाले होते.” त्यानं टायरवर लाथ मारली. “मी इथंच होतो रे शिवराम. सकाळपासनं इथंच, ह्याच जागेवर. मोबाईल खिशात. पंधरा मिनिटांचा रस्ता. म्हातारीला फोनच लावता आला नाही.”

“म्हणजे?”

“घाबरली. दोन तास बटणं दाबत बसली म्हणे. शेवटी इंदू सहज आली दुपारी, तिनं एका झटक्यात लावला. फोन एकदम चालू. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचले असते.”

मी त्या टायरकडंच बघत राहिलो. त्याला वाटलं असेल, मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सायमनचा फोन आला. “शिवरामकाका, घरचा फोन तुम्हीच बसवलाय ना? एकदा येऊन बघून जा. मला जायच्या आधी कळायला हवं, बिघाड होता की काय.”

मी मंगळवारी सकाळी गेलो. अंगणात मांडलेल्या खुर्च्या अजून तशाच होत्या. सायमन दाढी वाढलेला, उंबऱ्यावर बसला होता. आत क्रॉससमोर आंतोनमामांचा फोटो, शेजारी मेणबत्ती. मामी फोनच्या टेबलापासून लांब, कोपऱ्यातल्या खाटेवर बसल्या होत्या. इंदू चुलीपाशी होती.

“कोण?”

“मी शिवराम, मामी.”

त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला. हात धुतल्यासारखा गार होता. मला काही विचारावं लागलं नाही. चार दिवस त्या येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत असाव्यात, शब्द जागच्या जागी बसले होते.

“सुकी लाकडं फोडत होते. मी किती वेळा म्हटलं, ऊन झालं, आत या. आले ते ह्याच खाटेवर बसले. म्हणाले, मार्था, पाणी दे. पाणी दिलं तर पेला धरता येईना. सगळा घाम. सदरा पिळून काढावा इतका. मी फोन घेतला. बापूचा लावला. आवाज नाही. ठेवला, परत उचलला. नाही. मला वाटलं, चुकीचा दाबला. पाच शोधला, परत लावला. फादरांना लावला. सायमनला लावला. काहीच आवाज नाही रे शिवराम, नुसतं दगडाला कान लावल्यागत.”

“आई, किती वेळा तेच,” सायमन बाहेरून म्हणाला.

“मी म्हटलं, इंदूला हाक मारून येते. तर त्यांनी माझा पदर धरला. जाऊ नको म्हणाले. मी गेले असते तर ते एकटे... म्हणून मी परत बसले. एका हातानं त्यांना वारा घालत होते. पंखा बंद झाला होता, पदरानंच घालत होते. आणि एका हातानं बटणं दाबत होते. सारखी. मग त्यांनी पदर सोडला.”

इंदू चहाचा कप घेऊन आली आणि माझ्याशेजारी ठेवून डोळे पुसत परत गेली.

“मग इंदू आली,” मामी म्हणाल्या. “पंखा फिरत होता. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, काकी, चालू आहे की. मी म्हटलं, असं कसं? माझ्या हातात दे. तिनं माझ्या कानाला लावला. गुणगुण येत होती. स्वच्छ.” त्यांनी माझा हात सोडला आणि स्वतःचा कान धरला. “मग मघाशी माझ्या कानाला काय झालं होतं?”

पंखा बंद झाला होता, आणि नंतर पंखा फिरत होता. त्या घरात हे दोनदा बोललं गेलं आणि ते फक्त मला ऐकू आलं.

सायमन आत आला. “बघा ना काका. तपासा एकदा.”

मी उठलो. डब्याजवळ गेलो. तीन हिरवे दिवे. वायर हलवून बघितल्यासारखं केलं. रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन येत होता. मी तो गरजेपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिलो. मागं सगळे थांबले होते. मामींनी मान वर करून चेहरा माझ्या दिशेला केला होता, पण थोडासा बाजूला, जिथं मी नव्हतो तिथं.

“बिघाड होता का काही?” सायमननं विचारलं. “खरं सांगा.”

“नाही,” मी म्हणालो. “लाईन ठीक आहे.”

“शुक्रवारीही ठीकच असणार?”

“बिघडलेली लाईन आपली आपण सुधारत नाही.”

हे शब्द माझेच. कुणी मला शिकवले नव्हते, कुणी बोलायला लावले नव्हते.

सायमन आईकडं वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “ऐकलंस आई? लाईन ठीक होती.”

“होय रे,” मामी म्हणाल्या. “माझंच काहीतरी चुकलं असणार.”

आता जे मी त्या खोलीत बोललो नाही ते सांगतो.

तांब्याच्या लाईनीला घरातल्या लाईटची गरज नसते. तिला लागणारी वीज एक्स्चेंजमधनं, त्याच तारेतनं येते. तिथं मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते. म्हणून तेवीस वर्षांत खोलवाडीत आठ-आठ दिवस लाईट नसली तरी मामींचा लाल फोन चालला. फायबरच्या काचेतनं वीज येत नाही, फक्त उजेड येतो. भिंतीवरचा डबा घरच्या लाईटवर चालतो. लाईट गेली की डबा बंद, आणि डबा बंद की फोन मुका. लाईट आली की दोन मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. शुक्रवारी फोन बंद असल्याची कसलीच खूण मागं राहिली नव्हती.

त्यासाठी डब्यासोबत एक छोटी बॅटरी बसवायची असते. मगदूमकडं त्या आल्या नव्हत्या. “पुढच्या महिन्यात येतील, तू डबे बसवत चल,” तो म्हणाला होता. आणि ज्या फॉर्मवर मामींनी चार सह्या केल्या, त्यातली तिसरी सही ह्या ओळीखाली होती की वीजपुरवठा नसताना फोन चालणार नाही याची ग्राहकाला कल्पना दिली आहे. ती ओळ मी वाचून दाखवली नाही. वाचून दाखवायला विसरलो नव्हतो. त्याच्या आदल्या आठवड्यात सुळेरानच्या बाजूला एका मास्तरांना मी ती वाचून दाखवली, तर त्यांनी मला दारातनं परत पाठवलं, बॅटरी घेऊन ये म्हणाले. मगदूम चारचौघांत मला म्हणाला, “केसरकर, तुम्हाला व्याख्यान द्यायला ठेवलं नाही.” त्या दिवशी मामींच्या घरी माझ्या डोक्यात एवढंच होतं की पुढं तीन घरं आहेत, आणि ही दोघं मला ‘नक्की?’ असं विचारतात आणि माझ्या ‘नक्की’वर गप्प बसतात.

बापू भेटला त्या दिवशी संध्याकाळी मी मगदूमला फोन केला होता. तो म्हणाला, “तिसरी सही आहे ना? मग विषय संपला. आणि कल्पना देणाऱ्याच्या जागी तुमची सही आहे, माझी नाही, एवढं लक्षात ठेवा.” लक्षात ठेवलं.

मामींच्या घरी मी तो कप उचलून चहा प्यायलो. संपवला. इंदूनं विचारलं, अजून देऊ का? नको म्हणालो. निघताना सायमननं माझे आभार मानले.

चर्चमधली सातव्या दिवसाची मिसा झाल्यावर त्यानं घराला कुलूप लावलं. “एक फोन लावता येत नाही तुला, इथं एकटी कशी राहशील?” असं तो म्हणाला, हे मला इंदूकडनं कळलं. मामींनी विरोध केला नाही. ह्या बाईनं दोन उन्हाळ्यांपूर्वी कोंबडीमागं आलेल्या कोल्ह्याला नुसत्या आवाजावर काठी फेकून मारलं होतं. पण आता तिला चूल पेटवायचा धीर होईना. “जाळ लागलाय की नाही ते मला कळायचं नाही,” म्हणायची. बापूच्या जीपमधनं त्या गेल्या त्या दिवशी मी बाजारातच होतो. रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. जीप डिझेलसाठी थांबली, मामी मागच्या सीटवर ट्रंकेला टेकून बसल्या होत्या. मी ओलांडून गेलो नाही.

मी मगदूमचं काम सोडलं. सोडायच्या आधी मी डबे बसवलेल्या एकेचाळीस घरांपैकी चाळीस घरी जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, लाईट गेली की हा फोन चालणार नाही, बॅटरी मागून घ्या, भांडून घ्या, तोवर घरातल्या कुणाला तरी शेजारी पाठवायची तयारी ठेवा. काही जणांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? त्यांना मी सांगितलं, चुकलो. चाळीस घरी मला ते बोलता आलं. एकेचाळिसाव्या घराला कुलूप होतं. म्हापशाला बस जाते हे मला माहीत होतं. सायमनचा नंबर माझ्याकडं होता.

चार वर्षं गेली. म्हापशाला एका खोलीत मामींचं जमलं नाही. सायमन आणि त्याची बायको दोघंही कामावर जायची. त्यानं त्यांना बेळगावच्या वाटेवर सिस्टरांनी चालवलेल्या वृद्धाश्रमात ठेवलं. इंदू एकदा बघून आली आणि मला बाजारात भेटली.

“काकी बऱ्या आहेत,” ती म्हणाली. “पण अजून तेच. मला म्हणाली, इंदू, तू उचललास तेव्हा गुणगुण येत होती ना? मी म्हटलं, येत होती काकी. मग म्हणाली, मी तिथं बसून माणूस मारला.”

मी घरी आलो आणि सायमनला फोन लावला. पहिल्या वाक्यापासनं शेवटपर्यंत, न थांबता सांगितलं. लाईट, डबा, बॅटरी, तिसरी सही.

मग तो म्हणाला, “मी तिला काय काय बोललोय, माहीत आहे का तुम्हाला?”

“सायमन...”

“चार वर्षं. प्यायलो की बोललोय. आणि न पितापण.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “मला कशाला सांगता? तिला जाऊन सांगा.”

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्यानं माझा फोन कधी उचलला नाही.

मी दोन दिवसांनी गेलो. सकाळची वेळ होती. लांब व्हरांड्यात सात-आठ म्हाताऱ्या उन्हाला बसल्या होत्या. मामी शेवटच्या खुर्चीत, मांडीवर सूप, पावट्याच्या शेंगा सोलत. फार बारीक झाल्या होत्या. दोन्ही डोळे आता पांढरे होते.

“मामी, मी शिवराम केसरकर. आजऱ्याचा.”

“शिवराम!” त्यांचे हात थांबले. मग त्यांनी चाचपडून माझा चेहरा धरला. “वाळलास रे. इतक्या लांब कसा आलास?”

“तुम्हाला सांगायचं होतं.” मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. बसमध्ये सगळं मनात जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. “मामी, त्या दिवशी फोन बंदच होता.”

“कुठल्या दिवशी?”

“मामा गेले त्या दिवशी. लाईट गेली होती. मी बसवलेला डबा लाईटवर चालतो. लाईट नसली की फोनमधनं आवाज येत नाही. तुमच्या कानाला काही झालं नव्हतं. तुम्ही नंबर बरोबर लावत होता. कुणालाही लागला नसता. माझी चूक आहे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.”

शेजारची म्हातारी आमच्याकडं बघत होती. मग मामींची बोटं पुन्हा शेंगेकडं गेली. शेंग उकलली, दाणे सुपात टाकले.

“फादरपण असंच म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, तुझी काही चूक नाही मार्था. सिस्टरपण म्हणते. सगळे चांगले आहेत. तू एवढा बसचा प्रवास करून आलास मला बरं वाटावं म्हणून.”

“बरं वाटावं म्हणून नाही मामी. हे खरं आहे.”

“मग त्या दिवशी का नाही म्हणालास?”

त्यांनी मांडीवरचं सूप सारखं केलं.

“सायमननं तुला विचारलं होतं. मी खाटेवर बसले होते. तू फोन उचललास, कानाला लावलास, किती तरी वेळ ऐकलास. आणि म्हणालास, लाईन ठीक आहे. बिघडलेली लाईन आपली आपण सुधारत नाही, असंपण म्हणालास. मी विसरले नाही.”

“मी खोटं बोललो होतो.”

“तू?” त्या हसल्या, अगदी लहान मुलाकडं बघून हसावं तशा. “तेवीस वर्षं तू आमच्या घरी येत होतास. भर पावसात खांबावर चढायचास. हे म्हणायचे, शिवराम सांगेल ते खरं. तू खोटं कशाला बोलशील?”

“भ्यालो होतो मामी.”

“माझ्यासारख्या म्हातारीला?” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “नको रे. मी मानून घेतलंय आता. देवानं मला माफ केलं असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

मी पुन्हा सांगितलं. जोरात सांगितलं. त्यांचे दोन्ही हात धरून, पंखा बंद होता हे तुम्हीच म्हणाला होता, आठवा, असं सांगितलं. सूप कलंडलं आणि दाणे फरशीवर पसरले. आतनं एक सिस्टर धावत आली. मामी तिला म्हणाल्या, काही नाही, आमच्या गावचा आहे, त्याला वाईट वाटतंय. सिस्टरनं मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, आजींना जास्त बोलायला लावू नका. मी खाली बसून दाणे गोळा केले.

पुढं मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी लिहून नेलं होतं, सिस्टरला वाचून दाखवायला सांगितलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अक्षर चांगलं असेल ह्याचं. फॉर्म किती भराभरा भरायचा.” दुसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी माझा हात दाबला.

“आज ते नको काढूस शिवराम,” त्या म्हणाल्या. “तुला उगाच त्रास होतो.”

मी काढलं नाही. अर्धा तास बसलो. त्यांनी बागेतल्या काजूंची चौकशी केली, इंदूच्या मुलीचं लग्न ठरलं का विचारलं. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यानंतरच्या महिन्यात, ईस्टरच्या आधी, त्या गेल्या.